गुलाबी पायांचा कुरव

आमच्या देवखोलच्या किनाऱ्यावर सरकारने नाक बसवलं, त्या दिवशी हसून हसून आमची पुरेवाट झाली होती. खाडीच्या तोंडाशी एक पांढरा खांब, खांबाच्या डोक्यावर दुधाच्या कॅनएवढा डबा, आणि डबा दिवसभर हवा ओढत बसलेला. इंजिनिअरने समजावलं, की प्रत्येक जीव आपल्या अंगातलं काही ना काही हवेत सोडत असतो, पिसांचा भुगा, थुंकीचे कण, कातडीचा कोंडा. त्यात त्याची जनुकं असतात. हा डबा ती वेचतो, वाचतो आणि आसपास कोणकोणतं पाखरू आहे ते सांगतो. दिगाआबा तांडेल, आमच्या रापणीच्या जाळ्याचा म्होरक्या, खांबाखाली विडी ओढत उभा होता. तो म्हणाला, "मगे माझो वास इलो काय तेका?" इंजिनिअर अगदी गंभीरपणे म्हणाला, "आला ना. पण माणसांची नोंद आम्ही टाकून देतो." तेव्हापासून दिगाआबा स्वतःला नोंदीबाहेरचा माणूस म्हणवून घेतो.

मी रोहिणी मेतर. गावातली माझ्याहून थोरली माणसंसुद्धा मला काकी म्हणतात, कारण प्रत्येकाच्या परसात कधी ना कधी माझ्याकडची कोंबडी गेलेली आहे. कोंबड्यांच्या तापाच्या सालानंतर उघड्यावर चरणारी कोंबडी देशात जवळजवळ संपली. आता कोंबडी म्हणजे बंद शेडमधली. तिला अंड्यांवर बसायची अक्कलच उरलेली नाही, तिची पिल्लं मशीन काढतं. माझ्या कोंबड्या मात्र सासूबाईंच्या वेळेपासूनच्या वंशाच्या. खुडूक झाली की कुणाला न विचारता टोपलीत जाऊन बसणार, आणि हात घातलात तर टोचून रक्त काढणार. तापाच्या साली आमच्या बाजूला रोग पोचला नाही म्हणून त्या वाचल्या. त्या गेल्या तर पुन्हा आणायच्या कुठून, हे मला कुणी सांगावं.

आणि तापाचं साल मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. आमचे हे कोंबड्यांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. तो ताप पक्ष्यांतून माणसांत आला तेव्हा त्याने पहिल्यांदा असल्याच माणसांना धरलं. आठवड्याभरात ते गेले. त्यामुळे नाक बसवलं तेव्हा मी हसले सगळ्यांबरोबर, पण त्याला नावं ठेवली नाहीत.

आता माझ्या जावयाबद्दल सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याच हातात होती. डॉक्टर कुलदीप शेडगे, कराडकडचा, आमच्या तालुक्याचा गुराढोरांचा डॉक्टर. माझ्या वैजूने स्वतः पसंत केलेला. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा मी परसातला सगळ्यात देखणा कोंबडा कापला, वडे तळले. आमच्याकडे जावयाला कोंबडी-वडे घातले नाहीत तर सासूची शोभा होते. या पठ्ठ्याने रश्श्याची वाटी बाजूला सारली आणि म्हणाला, "आई, मला नुसता भात नि सोलकढी चालेल." मी हसून वाढलं. पण मनात जी अढी बसली ती बसलीच. घाटावरच्या साहेबाला आमच्या हातचं चालत नाही, असं मी धरून चालले, आणि त्यानंतर कधी आग्रह केला नाही.

जानेवारीत एका सकाळी गावातले सगळे फोन एकदम कोकलले. नाकाला वास लागला होता. पडद्यावर लाल पट्टी: मोठा कुरव, जात बहुधा मंगोलियन, किनारा बंद, उघड्यावरच्या कोंबड्या-बदकं जागची हलवू नयेत, अधिकारी येत आहेत.

कुरव म्हणजे तुम्ही शहरात सीगल म्हणता तो. थंडीत आमच्याकडे ढिगाने येतात, वाळूवर पांढरी चादर अंथरल्यासारखे बसतात. त्यांच्यातल्या एकावरून एवढा गहजब कशाला, हे मला कळेना. दुपारच्या आत कुलदीपची सरकारी गाडी दारात आली. मागून वैजू उतरली, डोळे सुजलेले. तो मात्र अंगणातच उभा राहिला.

"आई, आत येत नाही. आज मी ऑफिसचा माणूस आहे."

"ऑफिसच्या माणसाला पाणी चालतं का?"

"चालतं," तो म्हणाला, आणि तांब्या तोंडाला न लावता वरून पाणी प्यायला.

मग त्याने सांगितलं. मला समजेल अशा भाषेत सांगितलं, एवढं मान्य करते. तो ताप पूर्वेकडच्या तळ्यांवर पुन्हा उठला होता. तिथला मंगोलियन कुरव तो रोग अंगात घेऊन हिंडतो आणि स्वतः आजारी पडत नाही. रोगाचा विषाणू हवेत सापडायला लागतो तो कोंबड्या मरायला लागल्यावर, आणि तोवर माणसांपर्यंत पोचलेला असतो. म्हणून सरकारने ठरवलं, रोगाची वाट बघायची नाही, रोग आणणाऱ्यावर नजर ठेवायची. तो कुरव जिथे उतरेल तिथल्या तीन किलोमीटरच्या आतली उघडी कोंबडी मारायची.

"माझ्या सगळ्या?"

"तीन किलोमीटरच्या आत उघड्यावर फक्त तुमच्याच आहेत आणि तुम्ही गावात दिलेल्या."

"आणि तो कुरव तोच आहे, हे नक्की?"

इथे तो थांबला. "नाही, नक्की नाही. हे मोठे कुरव एकमेकांचे फार जवळचे भाऊ आहेत. वेगळे होऊन फार काळ लोटलेला नाही, मधूनमधून आपसात लग्नंही लावतात. हवेत जनुकांचे तुटके तुकडे मिळतात, बहुतेक आईच्या बाजूचे, आणि ते चार-पाच जातींत सारखेच असतात. नाकाला एवढंच कळलं, की या घराण्यातला कुणीतरी आलाय. खांबावरच्या कॅमेऱ्याला फिकट पाठ नि गुलाबी पाय दिसले, म्हणून त्याने मंगोलियन म्हटलं. पण कॅस्पियन कुरवही तसाच दिसतो. तो पश्चिमेकडून येतो, तिकडे रोग नाही. आपल्या किनाऱ्यावर थंडीत एखाददुसराच चुकून दिसतो."

"मग कॅस्पियन लिही ना," वैजू म्हणाली. "तुझ्या एका सहीचं तर काम आहे. कोण बघायला येतंय इथे?"

कुलदीपने तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडेही नाही. उघड्या दारातून आतल्या भिंतीवर यांचा फोटो दिसतो, त्याच्याकडे बघत म्हणाला, "आणि खरंच मंगोलियन असला तर?"

खोटं कशाला सांगू, वैजू बोलली तेच माझ्याही जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. "वैजू, गप बस," मी म्हटलं. "खरं काय ते बघू दे त्यांना."

तो नियमाप्रमाणे कोंबड्या बघायला परसात गेला, आणि तिथे एक खुडूक कोंबडी सोडली तर काही नाही. सकाळी दाणे टाकले तेव्हा परस भरलेलं होतं. तेवढ्यात शेजारच्या सुमतीच्या माळ्यावरून कोंबडा आरवला. त्याला उत्तर म्हणून समोरच्या घरातल्या कणगीतून दुसरा. आणि किनाऱ्याकडून, दिगाआबाच्या होडीवरच्या ताडपत्रीखालून तिसरा.

सगळ्या गावाने मिळून माझ्या कोंबड्या पळवल्या होत्या. मला न विचारता, माझ्यासाठी.

कुलदीप पायरीवर बसला आणि त्याने कपाळाला हात लावला. "आई, हे काय केलं यांनी. जिथे जिथे कोंबडी लपवली ते प्रत्येक घर आता संशयात. मला सगळ्या गावाला कोंडून घालावं लागेल."

मी पदर खोचला आणि निघाले. सुमतीच्या दारात उभी राहून म्हटलं, "उतर माझी कोंबडी."

"काकी, तुझी कोंबडी आमी मारूक देव?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यात पाणी, पदरात पिसं. "माझ्या पोरीच्या बाळंतपणात तूच अंडी धाडलंस ना?"

"धाडली ना, मग आता माझं ऐक. घरात लहान बाळ आहे तुझ्या. उतर ती कोंबडी, हात साबणाने धू, आणि पुन्हा असला शहाणपणा केलास तर बघ." असं बोलत मी घरोघरी फिरले. शिव्या घालत होते आणि रडत होते. या लोकांना मी अंडी दिली, पिल्लं दिली, त्याचा हिशेब मी कधी ठेवला नव्हता. त्यांनी मात्र ठेवला होता, हे मला त्या दिवशी कळलं.

ऊन कलताना सगळ्या कोंबड्या परसात आल्या. बाहेरून जाळी लावून झाली. कुलदीपने लपवाछपवीचं सगळं खरं खरं वर कळवलं, त्याचबरोबर हेही कळवलं, की गावाने आपणहून कोंबड्या परत आणून दिल्या. वरून उत्तर आलं, की परवा संध्याकाळपर्यंत कुरवाची जात पक्की करा, नाहीतर आदेश कायम. कुरव उडून गेला तरी आदेश कायम.

मी खुडूक कोंबडीला पाणी ठेवायला गेले तर कुलदीप टोपलीजवळ उकिडवा बसलेला. त्याने हात तिच्या पोटाखाली इतक्या अलगद सारला, की तिने चोच उचलली आणि परत ठेवली. एक अंडं काढून त्याने कानाला लावलं.

"आत टोचतंय," तो म्हणाला. "दोन-तीन दिवसांत फुटतील."

"तुम्हाला बरी टोचत नाही ती. मला तर फोडून काढते."

त्याने अंडं जागच्या जागी ठेवलं. "तापाच्या साली मी नुकता नोकरीला लागलो होतो, आई. माणसं कमी होती, औषध कमी होतं. हातांनी करावं लागलं. शेडच्या शेडमधून. पहिल्या दिवशी मोजत होतो, मग मोजणं सोडून दिलं. शेवटी शेवटी कळायला लागलं, कशी धरली की ती घाबरत नाही. तेवढंच करता येत होतं." त्याने तळहात पँटला पुसले. "तेव्हापासून मला कोंबडी खाता येत नाही. घास वर जातच नाही. तुम्ही इतक्या प्रेमाने वाढलं होतंत, जेवणाच्या पाटावर हे कसं सांगणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी वर्षं मी याला नाक मुरडणारा समजत आले. आमचे हे गेले त्याच साली, कुठल्यातरी शेडमध्ये, हा पोरगा दुसऱ्या कुणाचं कुंकू वाचावं म्हणून नको ते करत उभा होता. मी आतून भात आणि सोलकढी आणली आणि त्याला तिथेच परसात वाढली. ऑफिसचा माणूस असूनही तो जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर. खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा आहे, त्याच्या टोकावर तो कुरव उभा. बाकीच्यांपेक्षा डोकं वर, फिकट करडी पाठ, पाय फिके गुलाबी. राजासारखा उभा, पण पंख मिटून. कुलदीपने दुर्बिणीतून बघून बघून डोळे लाल केले.

"पंख उघडायला हवा," तो म्हणाला. "मंगोलियनच्या पंखाचं टोक जवळजवळ सगळं काळं असतं. कॅस्पियनच्या अगदी बाहेरच्या पिसात मात्र आतून एक फिकट पट्टा लांबवर काळ्यात घुसलेला असतो. तेवढं दिसलं की झालं. पण होडी नेली तर तो उडून जाईल, ड्रोन सोडला तर आणखी लांब जाईल."

दिगाआबा विडी विझवून कानामागे खोचत म्हणाला, "मगे तेका जेवूक बोलवा."

"म्हणजे?"

"रापण घालूया."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून घालायचं मोठं जाळं. होडीने समुद्रात अर्धगोल फिरवून आणायचं, आणि दोन्ही टोकांचे दोर माणसांनी वाळूवर उभं राहून ओढायचे. जो कुणी दोराला हात लावील त्याचा वाटा, मग तो पाहुणा का असेना. आणि देवखोलात माणसांचे वाटे घालायच्या आधी पहिली ओंजळ काळ्या खडकावर ठेवतात, पाखरांसाठी. ही रीत कुणी घातली कुणास ठाऊक. पण खडक भरला की कुरव पंख पसरून येतातच, पिढ्यान्‌पिढ्या येतात.

किनारा बंद होता. कुलदीपने क्षणभर विचार केला. "तपासणीसाठी लागेल ते करायचा मला अधिकार आहे," तो म्हणाला. "मला रापण लागेल."

दिगाआबाने बोंब ठोकली आणि गाव जमा झालं. म्हातारे, बाया, कंबरदुखीवाले, सगळे. काल माझ्याकडून शिव्या खाल्लेली सुमती सगळ्यात पुढे. कुलदीपने कॅमेरा खडकावर रोखून तिकाटण्यावर बसवला. उत्तरेकडच्या दोराला माणसं कमी पडत होती. तो बूट काढून पाण्यात उतरला आणि दोर धरला. वैजू त्याच्या मागे, मी वैजूच्या मागे. दोर ओला, जड, हाताची सालटं काढणारा. "हय्या" म्हणून ओढायचं, पाऊल मागे, पुन्हा ओढायचं. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. एकच: बाबा रे, उघड पंख, काय असेल ते दाखव, पण दाखव.

जाळं जवळ आलं तसं पाणी चमकायला लागलं. बांगडे, पेडवे, थोडी कोळंबी. वाळूवरचे कुरव एकदम उठले आणि ओरडत घिरट्या घालायला लागले. तो मात्र जागचा हलला नाही. दिगाआबाने पहिली ओंजळ भरली, खडकावर ठेवली, मागे सरला. लहान कुरव झडप घालायला लागले. आम्ही सगळे दोर हातात धरून पुतळ्यासारखे उभे.

मग तो आला. सावकाश, कसली घाई नसल्यासारखा. खडकावर उतरताना त्याने दोन्ही पंख वर उचलले आणि क्षणभर तसेच धरले. मला काळं टोक दिसलं. काळ्याच्या आत काय होतं ते माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना दिसलं नाही. मी कुलदीपच्या पाठीकडे बघत होते. ती पाठ सैल झाली.

"पट्टा आहे," तो म्हणाला. "लांब आहे. आई, पट्टा आहे."

पण हा माणूस तेवढ्यावर सही करणारा नव्हे. कुरवांच्या मिश्र जातीही असतात, म्हणे. त्याला पूर्ण जनुकं हवी होती, तुकडे नकोत. तीही त्या पाखरानेच दिली. दोन पेडवे गिळून तो उठला, दिगाआबाच्या डोक्यावरून गेला आणि जाता जाता त्याच्या टोपीवर भरघोस आशीर्वाद टाकून गेला. दिगाआबा टोपी काढायला गेला तसा कुलदीप ओरडला, "आबा, हात लावू नका." हातमोजे घालून त्याने ती टोपी पिशवीत घेतली. ताज्या विष्ठेत पाखराच्या आतड्यातल्या पेशी असतात, त्यांतून आईची-बापाची सगळी जनुकं वाचता येतात, रोग असला तर तोही दिसतो. गाडीतल्या तपासणीच्या पेटीला त्यासाठी थोडा वेळ लागतो. तोवर रापणीचे वाटे घातले गेले. आम्ही सगळे वाळूवर बसून राहिलो.

पेटी वाजली. कुलदीपने फोनवर निकाल वाचला, पुन्हा वाचला आणि फोन वैजूच्या हातात दिला. तिने मोठ्याने वाचलं: "कॅस्पियन कुरव. रोगाचा अंश नाही."

सुमती खाली बसून रडायला लागली. दिगाआबा म्हणाला, "मी रवलंय नोंदीभायेर. टोपी तरी नोंदीत गेली." आणि मी काय केलं सांगू? मी वाळूच्या पट्ट्याकडे तोंड करून हात जोडले. तो तिकडे परत जाऊन उभा होता, पूर्वीसारखाच, पंख मिटून. कुठल्या कुठल्या समुद्रावरून आला, वाट चुकला, आधी घोर लावला आणि मग आमचं सगळं वाचवून गेला. मग मी खांबाकडे वळले आणि त्या नाकालाही हात जोडले. उद्या खरोखरचा रोग आला तर तेच आम्हाला आधी सांगणार आहे. ते तेव्हा असतं तर आमचे हे कदाचित आज दोर ओढायला असते.

कुलदीपच्या वाट्याला बांगडे आले. त्याने मला विचारलं, "मला कशाला वाटा? मी कामावर होतो." मी म्हटलं, "दोराला हात लागला ना? मग गप घ्या."

पिल्लं बाहेर आली. पुढच्या रविवारी ती दोघं आली, या वेळी जावई म्हणून. मी बांगडे तळले, भात केला, सोलकढी केली. निघायच्या वेळी मी परसातून टोपली आणली, वरून जुन्या साडीचं फडकं बांधलेलं. आत ती टोचकी कोंबडी, आणि तिच्या पंखाखाली पिल्लं.

"हे काय, आई?"

"आमच्याकडे जावयाला कोंबडी द्यायची रीत आहे," मी म्हटलं. "तुमची राहून गेली होती. क्वार्टरच्या मागे जागा आहे ना? नोंद करायला लागेल ती तुमच्याच ऑफिसात करा."

त्याने टोपली दोन्ही हातांनी घेतली. फडक्याखालून चिवचिवाट ऐकत तसाच उभा राहिला.

त्या दिवशी गाडी वैजूने चालवली. तो मागे बसला होता, टोपली मांडीवर धरून.